विषय सोडू का, ताई?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका आईचा फोन आला. मुलगी अमेरिकेत एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, ट्रिपल जंप करते, स्कॉलरशिपवर गेलेली. मिडटर्ममध्ये ऑरगॅनिक केमिस्ट्रीत दांडी उडाली होती. कुणीतरी आईला सांगितलं होतं, की एका विषयात नापास झालं की आधी खेळ जातो, मग स्कॉलरशिप, मग व्हिसा. "ताई, तुम्ही तिच्या कोचशी बोला ना. आमचं इंग्रजी त्यांना कळत नाही," असं त्या तीनदा म्हणाल्या.

तिकडे शिकणाऱ्या मराठी खेळाडू मुलांचे आणि त्यांच्या घरच्यांचे असे फोन मला दर सेमिस्टरला येतात. विषय बदलतो, खेळ बदलतो, काळजी तीच असते. म्हणून ही गोष्ट त्या दोघींना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र तसेच ठेवलेत, कारण सगळं त्या आकड्यांवरच अडलं होतं.

कोचला फोन मी करणार नव्हते, आणि आईंनी केला असता तरी फारसं काही हाती लागलं नसतं. १९७४ पासून तिथे फर्पा नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या गुणांच्या नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो. त्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ सहसा आईवडिलांनाही काही सांगत नाही. आईंना हे फार लागलं. "उरलेली फी आम्ही भरतो, आणि आम्हालाच सांगणार नाहीत?" त्यांचा राग मला समजतो. पण त्या रागातून वाट निघत नव्हती. मुलीलाच बोलू द्या, म्हटलं.

दोन दिवसांनी मुलगी व्हिडिओवर आली. मागे बसची खिडकी. स्पर्धेहून परतत होती. नमस्कार झाल्यावर पहिलंच वाक्य, "ताई, मी केमिस्ट्री सोडू का? उद्या शेवटची तारीख आहे. सोडली तर नापासाचा एफ लागणार नाही, फक्त विषय सोडल्याचा डब्ल्यू लागेल."

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. अशा वेळी चांगली मुलं हीच चूक करतात. गुणपत्रिका स्वच्छ राहावी म्हणून विषय सोडतात आणि त्याने पायाखालची फळी निघते, हे त्यांना कळतच नाही. मी तिला वही काढायला सांगितली.

तिथे प्रत्येक विषयाचं वजन क्रेडिट्समध्ये मोजतात. या सेमिस्टरला तिची १३ क्रेडिट्स होती. केमिस्ट्रीची ४, बाकी तीन विषयांची प्रत्येकी ३. केमिस्ट्री सोडली की उरतात ९. तिथल्या कॉलेजांमधले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या नियमाप्रमाणे सरावाला आणि स्पर्धेला उतरायचं तर पूर्णवेळ नाव नोंदलेलं हवं, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट्स. ९ झाली की त्याच दिवसापासून सरावही बंद. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ती एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे, आणि त्या व्हिसाचीही पूर्णवेळ शिक्षणाची अट आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची आगाऊ परवानगी न घेता १२ च्या खाली गेलं, तर तिथे राहण्याचाच आधार डळमळतो. ऑनलाइन विषय घेऊन भरपाई करू म्हणावं, तर एफ-१ वर पूर्णवेळच्या हिशेबात ऑनलाइनचा एकच विषय धरतात, तोही तीन क्रेडिट्सपर्यंत. एप्रिलमध्ये नवा विषय मिळतही नाही.

"मग नापास झाले तर?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

नापास झाली तर काय होतं, हेही आम्ही मांडलं. पुढच्या सेमिस्टरला खेळायचं तर या सेमिस्टरला किमान ६ क्रेडिट्स पास हवीत. तिची ९ होत होती. वर्षाच्या दोन्ही सेमिस्टर मिळून १८ हवीत. आधीची १२ आणि ही ९, म्हणजे २१. मग जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांची चारपैकी सरासरी, बघितला. तिच्या विद्यापीठात पदवीला २.० लागतो, आणि तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या ९५ टक्के, म्हणजे १.९ असावा लागतो. केमिस्ट्रीत शून्य धरूनही तिचा अडीचच्या आसपास राहत होता. बाकी विषयांत बी मिळेल हे धरून. ते मिळेल असं तिच्या गुणांवरून दिसत होतं.

राहिली शेवटची अट. तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा ४० टक्के अभ्यासक्रम पूर्ण झालेला हवा. चौथ्याच्या सुरुवातीला ६०, पाचव्याच्या सुरुवातीला ८०. तिची पदवी १२० क्रेडिट्सची, त्याचे ४० टक्के म्हणजे ४८. पहिल्या वर्षाची २६, दुसऱ्याच्या पहिल्या सेमिस्टरची १२, आता ९. बेरीज ४७.

एक कमी पडत होतं. ती वहीकडे बघत राहिली आणि मग हसू लागली. आठवडाभर ज्या भीतीने झोप उडवली होती, ती एका क्रेडिटची निघाली. उन्हाळ्यात पदवीला धरला जाणारा तीन क्रेडिट्सचा एक विषय घेतला की ५० होतात. मी तिला सांगितलं, हा माझा हिशेब आहे. उद्या सकाळी हाच कागद घेऊन कम्प्लायन्स ऑफिसात, म्हणजे खेळाडूंचे नियम सांभाळणाऱ्या कार्यालयात, आणि अभ्यासाच्या ॲडव्हायजरकडे जा, आणि त्यांच्याकडून लिहून घे. कोणतं क्रेडिट पदवीला धरायचं, हे तेच ठरवतात.

इथे फोन संपायला हवा होता. संपला नाही.

"अजून एक आहे. आईला सांगणार नाही ना?"

केमिस्ट्रीला दर आठवड्याला ऑनलाइन क्विझ असायची. मार्चमध्ये एकदा ती बसमध्ये होती, नेटवर्क नव्हतं, डोळे मिटत होते. मैत्रिणीचा एक मित्र म्हणाला, पासवर्ड दे, मी देतो. तिने दिला. दहापैकी नऊ आले.

मी तिला रागावले नाही. ती किती थकली होती, ते मला माहीत होतं. हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त खेळ नको असा नियम आहे, दिवसाला चार तास, आणि आठवड्यात एक दिवस सुट्टी. पण स्पर्धेचा अख्खा दिवस त्या हिशेबात तीन तासच धरला जातो, आणि प्रवास धरलाच जात नाही. गुरुवारी निघून रविवारी रात्री परतणारी मुलगी कागदावर नियमात बसते आणि शुक्रवारच्या लॅबला मात्र कधीच नसते. केमिस्ट्री का बुडाली, याचं निम्मं उत्तर तिथे आहे. हे मी तिला स्पष्ट बोलले, कारण ती स्वतःला ढ समजू लागली होती.

पण क्विझचं मी सौम्य केलं नाही. नापास होणं हा अभ्यासाचा प्रश्न आहे आणि त्याची भरपाई होते, आत्ताच आपण वहीत केली. दुसऱ्याला आपल्या नावाने परीक्षा द्यायला लावणं हा वर्तनाचा प्रश्न आहे आणि त्याची बेरीज वजाबाकी होत नाही. स्कॉलरशिपचंच बघा. ठरलेल्या मुदतीत उडी कमी पडली म्हणून किंवा दुखापत झाली म्हणून ती काढता येत नाही. खेळाडू अपात्र ठरली, खोटी माहिती दिली, गंभीर गैरवर्तनाबद्दल शिक्षा झाली किंवा स्वतःहून संघ सोडला, तर काढता येते. तेव्हासुद्धा लेखी कळवून सुनावणीची संधी द्यावी लागते. आणि अशा गुणांच्या जोरावर पात्र ठरून कुणी स्पर्धेत उतरलं आणि पुढे ते उघड झालं, तर संघाचे निकालही रद्द होऊ शकतात. संघाचा निकाल तिच्या एकटीचा नसतो.

काय करायचं ते तिनेच ठरवलं. मी एवढंच विचारलं, की हे कुणा तिसऱ्याकडून कळलं तर तुला कसं वाटेल. चार दिवसांनी ती स्वतः प्राध्यापकांकडे गेली. प्रकरण विद्यापीठाच्या समितीकडे गेलं. त्या क्विझला शून्य, नोंदीत लेखी ताकीद. वर्षाच्या सुरुवातीला सगळी मुलं न वाचता सही करतात त्या संघाच्या आचारसंहितेप्रमाणे कोचनी तिला दोन स्पर्धांतून वगळलं. ती रडली. माझ्या मते शिक्षा योग्य होती, आणि तिला तेवढ्यावर सुटता आलं ते ती स्वतः गेली म्हणून.

आईला मी काही सांगितलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, "ताई, ती आमच्यापासून काही लपवते का?" मी म्हटलं, तिलाच विचारा, पण गुणांपासून सुरुवात करू नका. तीन आठवड्यांनी मुलीनेच सांगितलं.

आचारसंहितेचा विषय निघालाच आहे, तर घरच्यांनी जपायच्या दोन गोष्टी सांगते. संघात कुणाचा घोटा दुखावला, उद्या कोण उतरणार नाही, हे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. खेळाडूला स्वतः सट्टा लावायला बंदी आहेच, शिवाय सट्टेबाजांपर्यंत आतली माहिती पोचवणं हाही नियमभंग धरला जातो. मेसेज पुढे कुठवर जाईल, हे आपल्या हातात नसतं. दुसरं, २०२१ च्या जुलैपासून तिथल्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. ते वाचून एका वडिलांनी मुलाला इन्स्टाग्रामवर बुटांची जाहिरात करायला सांगितलं होतं. एनसीएएची हरकत नसली तरी एफ-१ वर परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि तिथे राहून केलेली जाहिरात काम ठरू शकते. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक पोस्टही नको.

केमिस्ट्रीत ती नापासच झाली. बाकी तिन्ही विषयांत बी आला. उन्हाळ्यात ती घरी आली नाही, तिथेच राहून संख्याशास्त्राचा विषय पूर्ण केला. आईंना ते दोन महिने जड गेले. ऑगस्टमध्ये कम्प्लायन्स ऑफिसचा कागद आला, ५० क्रेडिट्स, पात्र. त्याचा फोटो मला आधी आईंकडून आला आणि मग मुलीकडून.

या सेमिस्टरला ती केमिस्ट्री पुन्हा करते आहे. लॅब सोमवारची घेतली आहे.