हवामान केंद्र खरेदी: आधी पाणी ओतून पाहा

प्रश्न : जिल्ह्यासाठी सरकारी निधीतून स्वयंचलित हवामान केंद्रे घ्यायची आहेत. मी तांत्रिक समितीत आहे. सगळ्याच पुरवठादारांनी कॅलिब्रेशनची (यंत्राचे मोजमाप अचूक असल्याच्या तपासणीची) प्रमाणपत्रे जोडली आहेत. निवड कशावरून करावी?

उत्तर : प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक समोरच्या यंत्रावर आहे का, ते आधी पाहा. मग नमुना मागवून पर्जन्यमापक तपासा, कारण शेतकऱ्याची भरपाई त्याच आकड्यावर ठरते. अतिवृष्टीची मर्यादा २४ तासांत ६५ मिमी. पाऊस ६७ मिमी पडला आणि यंत्राने ५ टक्के कमी मोजला, तर नोंद ६४ च्याही खाली येते आणि अख्खे महसूल मंडळ (गावांचा गट) भरपाईच्या यादीतून गळते.

बहुतेक केंद्रांत टिपिंग बकेट असते: दोन छोटी पात्रे, एक भरले की कलंडते, दुसरे नरसाळ्याखाली येते. या प्रत्येक कलंडण्याला टिप म्हणतात. नरसाळ्याचा व्यास २०० मिमी असेल तर ५० मिमी पाऊस म्हणजे १,५७१ मिली पाणी. यंत्र दर टिपेला ०.५ मिमी पाऊस मोजणारे असेल तर १०० टिप पडायला हव्यात. अर्धा पेला पाणी ओतून काहीच कळत नाही. वीस टिपांत एक चुकली तरी ती ५ टक्के होते.

यंत्र पाणसळीने समतल करा, पात्रे आधी ओली करा आणि सलाईनच्या नळीने हे १,५७१ मिली पाणी सोडा. एकदा दोन तासांत (ताशी २५ मिमी), एकदा अर्ध्या तासात (ताशी १०० मिमी). खरी परीक्षा दुसऱ्या वेळी होते. पात्र कलंडत असतानाही धार भरलेल्या बाजूलाच पडत राहते, ते पाणी मोजणीत येत नाही. त्यामुळे ढगफुटीसारख्या पावसातच नोंद कमी येते. काही कंपन्या ही तूट सॉफ्टवेअरने भरून काढतात. त्यात गैर काही नाही, पण मूळ टिपांची नोंद मिळालीच पाहिजे, ही अट निविदेतच घाला.

प्रश्न : पावसाळ्यात केंद्र बंद पडणार नाही, हे कसे पडताळायचे?

उत्तर : सौर पॅनेल काळ्या कापडाने झाका आणि बॅटरी किती दिवस टिकते ते मोजा. कोकण-घाटमाथ्यावर ढग आठवडाभर हटत नाहीत. सिमकार्ड एक दिवस काढून परत घाला. मधली माहिती लॉगरने (केंद्रातल्या नोंदी साठवणाऱ्या उपकरणाने) साठवून नंतर पाठवायला हवी. घड्याळही तपासा. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. घड्याळ चुकले की पहाटेची सर भलत्याच तारखेला जाते. शेवटचा हप्ता मात्र एक पावसाळा साध्या पर्जन्यमापकाशेजारी रोजची नोंद जुळवल्यावरच द्या.