दिवसभर टायपिंग असेल तर नवा कीबोर्ड कोणता घ्यावा, मेकॅनिकल की साधा?

तुमचा प्रश्न असा, की पाणी सांडल्यापासून डेस्कटॉपच्या कीबोर्डची पाच-सहा बटणं एकदम मेली आहेत, काम दिवसभर टायपिंगचं आहे, तर आता मेकॅनिकल घ्यावा की साधा मेंब्रेन. आणि मेकॅनिकल घेतला तर लाल, तपकिरी, निळा यांतला कोणता स्विच, म्हणजे बटणाखालची दाबली जाणारी कळ. शेवटी जाता जाता लिहिलंय, "आकाराचं काही नाही, नेहमीसारखा मोठाच घेणार." मी उत्तर लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे.

आकाराचं काही नाही कसं? दिवसभर टायपिंग करणाऱ्याने सगळ्यात आधी आकारच बघायचा. मग एंटर कसा आहे ते, मग बटणांचं प्लास्टिक, आणि स्विचचा रंग सगळ्यात शेवटी. सगळीकडे चर्चा मात्र रंगाचीच, कारण ती करायला सोपी.

मी भाषांतर करते आणि मजकूर तपासते. स्क्रीनवर एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि हात सारखा कीबोर्डवरून माउसवर, माउसवरून कीबोर्डवर. उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा आधी भाऊजींना विचारलं. आमच्या घरात कॉम्प्युटरची साधी वायर घ्यायची असली तरी धाकट्या दिरांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "वहिनी, खुर्ची बदला." बदलली. मग म्हणाले, "स्क्रीन खाली आहे, उंच करा." केली. त्याने मान सुधारली, खांदा होता तिथेच. मग मनगटाखाली ठेवायची मऊ पट्टी आली, ती अजून कपाटात पडून आहे.

फिजिओथेरपिस्टकडे गेले तर त्यांनी खुर्चीचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "माउस धरता तेव्हा कोपर अंगालगत असतं का?" नव्हतं. घरी आल्यावर शिवणाची टेप काढली आणि मोजलं. तेव्हापासून हा हिशोब मी ऐकेल त्याला ऐकवते. पूर्ण मापाच्या कीबोर्डवर एका अक्षराच्या मध्यापासून शेजारच्या अक्षराच्या मध्यापर्यंतचं अंतर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच असतं. दोन्ही हात अक्षरांवर नीट ठेवले की अंगाचा मध्य जी आणि एच या बटणांच्या मध्ये येतो. तिथून नंबर पॅडच्या उजव्या कडेपर्यंत होतात ३० सेंटीमीटर, आणि माउस त्याच्याही पलीकडे. नंबर पॅड नसलेल्या कीबोर्डवर हेच अंतर २२. बाण, होम, एंड, डिलीट सगळं जागच्या जागी राहतं. फक्त उजवीकडचे आकडे जातात आणि माउस आठ सेंटीमीटर आत येतो. दिवसभरात हात तिकडे किती वेळा जातो ते तुम्हीच बघा.

काही जण मोठा कीबोर्ड स्क्रीनच्या अगदी मधोमध ठेवतात. नीटनेटकं दिसतं, पण मग जी आणि एच मध्यापासून साडेआठ सेंटीमीटर डावीकडे जातात आणि माणूस दिवसभर कंबरेतून जरासा वळून बसतो. हे त्याच्या लक्षातही येत नाही.

तर मी नंबर पॅड नसलेला घेतला. ८७ बटणांचा असतो तो, टीकेएल या नावाने मिळतो. भाऊजी आले, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, अर्धा कीबोर्ड घेतलात तुम्ही!" ते आजतागायत त्याला अर्धा कीबोर्डच म्हणतात. पाहुण्यांसमोरसुद्धा.

त्यांचं म्हणणं, आकडे लागतातच. अहो, लागतात की, पण वरच्या ओळीत आहेत ना आकडे! माझ्या कामात तारखा आणि पान क्रमांक यापलीकडे आकडे येतात कुठे? आणि ज्याला अधूनमधून लागतात त्याच्यासाठी सुटा नंबर पॅड मिळतो, यूएसबीला जोडायचा, काम झालं की बाजूला. डावीकडे ठेवला तर उजवा हात माउसवरच राहतो. हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तो घ्यायचाच असेल तर आधीच जोडलेला का नको?" कारण जोडलेला बाजूला ठेवता येत नाही, भाऊजी. म्हणून.

दुसरं म्हणणं, आल्ट दाबून आकडे मारले की विशेष चिन्हं येतात, ती कशी काढणार. हा मुद्दा खरा आहे. विंडोजमध्ये आल्ट आणि ०१७६ मारून अंशाचं चिन्ह काढायचं तर नंबर पॅडच लागतो, वरच्या ओळीतल्या आकड्यांनी ते होत नाही. पण मला लागणारी चार-पाच चिन्हं मी एका फाइलमध्ये ठेवली आहेत, तिथून उचलते. चार चिन्हांसाठी खांदा पणाला लावायचा नसतो.

तिसरं म्हणणं, माउस डाव्या हातात घ्या. घेऊन बघितला. जमणाऱ्याला हा खरंच उत्तम उपाय आहे, कारण कीबोर्ड डावीकडे कॅप्स लॉकशीच संपतो आणि माउस अगदी जवळ येतो. मला मजकुरातला एक शब्दसुद्धा डाव्या हाताने धड निवडता येईना.

या वादात माझा हुकमी एक्का वेगळाच आहे, तो मी त्यांच्यासमोर बऱ्याच उशिरा टाकला. डावीकडे अक्षरं, मध्ये वेगळे बाण, उजवीकडे नंबर पॅड ही मांडणी आयबीएमच्या १९८०च्या दशकातल्या १०१ बटणांच्या कीबोर्डमुळे रूढ झाली. त्याआधीच्या, म्हणजे १९८१च्या पहिल्या पीसीच्या कीबोर्डला ८३ बटणं होती आणि बाण आकड्यांच्याच बटणांवर होते. १०१ बटणांचा हा कीबोर्ड ठरला तेव्हा बहुतेक पीसींच्या शेजारी माउस नव्हताच! उजवीकडची जागा मोकळी होती, आकडे तिथे बसले. पुढे माउस आला, तो बिचारा उरलेल्या जागेत, लांब. यात कोणाचाही खांदा मोजून काही ठरवलेलं नाही. भाऊजी ऐकून घेतात आणि म्हणतात, "पण सवय झालीय ना जगाला." झालीय खरी.

तुमच्यासाठी सोपी परीक्षा आहे. मेलेल्या बटणांत नंबर पॅडची किती आहेत ते आत्ता एकेक दाबून बघा. त्यातलं एखादं बंद असेल आणि आजवर तुमच्या ते लक्षातच आलं नसेल, तर पुढे वाद घालायची गरज नाही. मात्र या नादात ६१ बटणांचा, बाणही नसलेला इटुकला कीबोर्ड घेऊ नका. बाणासाठी दर वेळी दुसरं बटण धरून ठेवावं लागतं. मजकुराचं काम करणाऱ्याला तो छळ आहे.

आता तुम्ही खरं जे विचारलंत ते. साध्या कीबोर्डात रबरी घुमटांखाली पातळ प्लास्टिकचे तीन थर असतात. वरच्या आणि खालच्या थरावर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेषा, मधल्याला भोकं; बटण दाबलं की भोकातून वरची रेष खालच्या रेषेला टेकते. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते, आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. पाण्याने एक रेष खराब झाली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात, आणि ती शेजारी-शेजारी असतीलच असं नाही. तुमची पाच-सहा बटणं बहुतेक अशीच गेली असणार. ती दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच. एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो. हॉट-स्वॅप लिहिलेला असेल तर चिमट्याने उपटून नवा बसवायचा, नाहीतर झाळकाम. म्हणून मेकॅनिकल टिकतो म्हणतात ते खरं, पण पाणी त्यालाही चालत नाही. खालच्या सर्किट बोर्डात पाणी शिरलं तर तोही जातो. उलट काही साध्या कीबोर्डांना पाणी निघून जायला खाली भोकं ठेवलेली असतात. टेबलावर पेला ठेवायची सवय सुटणार नसेल तर हा विचार करा.

रंग हे मुळात चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचचे, बाकीच्यांनी तेच उचलले, सगळ्यांनी इमानदारीने नव्हे. लाल सरळ खाली जातो, दाब ४५ सेंटीन्यूटन, म्हणजे साधारण ४५ ग्रॅम वजनाइतका. तपकिरीत वाटेत हलकासा उंचवटा लागतो, दाब ५५ च्या आसपास. निळ्यात उंचवटाही आणि टकटकही, दाब ६० च्या आसपास. बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर उमटतं ते सुमारे २ मिलिमीटरवरच. म्हणजे तळापर्यंत बडवायची गरज नसते. तरी बहुतेक लोक बडवतातच आणि मग बोटं दुखतात म्हणून स्विचला नावं ठेवतात. माझ्याकडे तपकिरी आहे. खोलीत दुसरं माणूस असेल तर निळा घेऊ नका, त्यावर चर्चाच नको.

मराठी इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे अक्षरांच्या त्या ठरलेल्या मांडणीने टाइप करत असाल तर एंटरकडे नीट बघा, हे कोणी सांगत नाही. एंटर आडवा, एका ओळीतला असेल तर उलट्या तिरक्या रेघेचं बटण, ज्यावर आपला ॉ असतो, ते एंटरच्या वरच्या ओळीत असतं. एंटर उभा, दोन ओळींचा असेल तर तेच बटण खाली ट च्या शेजारी येतं, आणि डाव्या शिफ्टजवळ एक जादा बटण घुसून शिफ्ट आखूड होतो. ज, ड, च, ट आधीच उजव्या करंगळीवर आहेत. त्यात ॉ ने जागा बदलली की प्रत्येक 'डॉक्टर' आणि 'कॉलम'ला बोट चुकणार. आता ज्याची सवय आहे तोच एंटर घ्या. बटणांवर मराठी अक्षरं छापलेली नसली तरी अडत नाही, भाषा कॉम्प्युटरमध्ये बदलते.

प्लास्टिक एबीएस असेल तर बोटांच्या तेलाने काही काळाने चकाकतं, पीबीटी जास्त दिवस खरखरीत राहतं. नुसती वरून छापलेली अक्षरं पुसतात. वायरलेस मला आवडत नाही. घ्यायचाच असेल तर यूएसबीचा छोटा रिसीव्हर असलेला घ्या. नुसता ब्लूटूथवाला पुष्कळदा कॉम्प्युटर पूर्ण सुरू होईपर्यंत ओळखला जात नाही, आणि डेस्कटॉपवर नेमका तेव्हाच लागतो.

आणि मागचे दोन पाय उघडू नका. ते उघडले की मनगटं मागे वाकतात. कीबोर्ड सपाटच बरा. भाऊजी येतात, काहीतरी टाइप करायला बसतात, पाय उघडतात आणि तसेच ठेवून जातात. मी मुद्दाम काही बोलत नाही.

थोडं राहिलं. हिशोबाचं, बिलांचं, आकड्यांच्या तक्त्यांचं काम असेल तर मी वर लिहिलेलं सोडून द्या आणि मोठाच घ्या; न बघता आकडे भरणाऱ्याचा वेग नंबर पॅडवरच असतो. माझा खांदा कीबोर्ड बदलल्यानंतर बरा झाला, पण त्याच सुमारास फिजिओथेरपिस्टनी सांगितलेले व्यायामही मी करत होते, आणि भाऊजी सगळं श्रेय व्यायामाला देतात. मध्ये हा कीबोर्ड साफसफाईसाठी उघडलेला असताना काही दिवस जुना मोठा जोडला होता, व्यायाम चालूच होते, आणि खांदा पुन्हा कुरकुरायला लागला, हे त्यांना सांगितलं की ते विषय बदलतात. दुखणं तुम्हाला आधीच असेल तर नुसता कीबोर्ड बदलून बसू नका, दाखवून घ्या.

लॅपटॉपला बाहेरून जोडण्यासाठी घेणाऱ्यांनाही आकाराचं हे सगळं तसंच लागू आहे. फक्त लॅपटॉपखाली काहीतरी ठेवून स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणा. तेवढं भाऊजींचं बरोबर होतं.