आधी राउटर तपास, मग मशीन घे

प्रश्न: दादा, आम्ही कॉलेजचे सात मित्र रोज रात्री माइनक्राफ्ट खेळतो, जावा एडिशन. सध्या वर्ल्ड माझ्या लॅपटॉपवर आहे, त्यामुळे मी लॅपटॉप मिटला की सगळे बाहेर, मग शिव्या मला. घरीच २४ तास चालू राहील असा सर्व्हर ठेवायचाय, बजेट १५ हजार. एक दुकानदार तेवढ्यात जुना २० कोरचा झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) असलेली मशीन देतोय, ६४ जीबी रॅमसकट. घेऊन टाकू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नको रे बाबा. मी घेतलाय असा, म्हणून सांगतो. कोर बघून भुललो, घरी आणून चालू केला तर पंख्यांचा असा आवाज की आई विचारायला लागली गिरणी कुठे सुरू झाली. बरं आवाज सहन केला असता, पण गेमच अडखळत होता, २० पैकी १९ कोर नुसते बसून आणि एकाचा जीव चाललाय.

कारण असं की माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० वेळा अख्खं जग एक पाऊल पुढे नेतो, या एका पावलाला टिक म्हणतात, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. त्यात मॉब म्हणजे गेममधले प्राणी-राक्षस हलवायचे, रेडस्टोनची सर्किटं चालवायची, वस्तू ओढून घेणारे हॉपर तपासायचे, आणि यातलं बरंचसं काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोरवर होतं. वीस जण पोळ्या लाटायला बसले तरी तवा एकच आहे. तवा गरम पाहिजे, म्हणजे एक कोर फास्ट पाहिजे. बाकीचे कोर असले तर चांगलंच, पण त्यासाठी पैसे मोजू नको.

तू ऑफिसातून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे रिफर्बिश्ड मिनी पीसी बघ. ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी, एलिटडेस्क मिनी, तिन्ही साधारण जाडजूड पुस्तकाएवढे. त्यात इंटेलचा आय५ प्रोसेसर आठव्या जनरेशनचा मिळाला तर उत्तम, सहाव्याचा असेल तर सातजणांचं भागेल पण मॉड (गेममध्ये नव्या गोष्टी घालणारे जोड) टाकायला लागलात की दम लागेल. अजून एक, प्रोसेसरच्या मॉडेल नंबरच्या शेवटी टी असेल तर तो वीज वाचवणारा प्रोसेसर. आय५-८५००टी जास्तीत जास्त ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तोच बिनटीचा ८५०० हा ४.१ पर्यंत. त्यामुळे टेबलावर जागा असेल तर मी मिनीऐवजी थोडा मोठा एसएफएफ (स्मॉल फॉर्म फॅक्टर) डबा घेईन, त्यात बिनटीचा मिळतो.

रॅम ८ जीबी पुरते, त्यातली ४ जावाला द्यायची आणि लिनक्स टाकायचं, तेही डेस्कटॉपच्या चित्रं-खिडक्या नसलेलं. मॉडपॅक, म्हणजे मॉडचा गठ्ठा असेल तर १६. लॅग आला की रॅम वाढव असं जो तो सांगतो, पण टिक ५० मिलिसेकंदांत बसत नसेल तर रॅम ओतून काही होत नाही. एसएसडी मात्र हवाच. आणि सर्व्हरचं सॉफ्टवेअर 'पेपर' नावाचं वापर, व्ह्यू डिस्टन्स (खेळाडूभोवती किती लांबपर्यंतचं जग पाठवायचं ते) मुळात १० असतो तो ७ वर आण, आणि चंकी प्लगिनने नकाशा आधीच बनवून ठेव, नाहीतर एकजण एलिट्रा (गेममधले पंख) लावून उडाला की उरलेले सहा जागच्या जागी थिजतात.

दुकानात गेल्यावर घाई करू नको. मशीन चालू करून आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, जाता येतंय का बघ, कंपन्यांमधून आलेल्या मशीनवर कधीकधी जुना पासवर्ड तसाच राहिलेला असतो. मग अडॅप्टर. काही मॉडेलमध्ये त्याच्या पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते, मशीन तिच्यावरून अडॅप्टर ओळखतं. ती सुई वाकलेली किंवा तुटलेली असली, किंवा अडॅप्टरच डुप्लिकेट असला, तर मशीन चालू होतं, सगळं छान दिसतं, पण प्रोसेसर स्वतःला रोखून धरतो. एखादं जड काम लावून टास्क मॅनेजर बघायचा, स्पीड १ गिगाहर्ट्झच्या आतच अडकून बसला असेल तर दुसरा अडॅप्टर माग.

पण हे सगळं नंतर. आज फुकटात करायचं काम म्हणजे राउटरचं पेज उघड आणि वॅन आयपी, म्हणजे राउटरला इंटरनेटवाल्याकडून मिळालेला पत्ता, बघ. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस, म्हणजे एकच बाहेरचा आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला, मग माइनक्राफ्टचा २५५६५ पोर्ट (राउटरमधून सर्व्हरपर्यंत यायची वाट) कितीही फॉरवर्ड केलास तरी मित्र आत येणार नाहीत. अशा वेळी इंटरनेटवाल्याकडे स्टॅटिक आयपी मागायचा, त्याचे वेगळे पैसे पडतात, किंवा सर्व्हरवर आणि सातही जणांनी टेलस्केल टाकायचं, ते सगळ्यांची मशीन एका खाजगी नेटवर्कात जोडतं. ओळखीचेच खेळणार असतील तर मी टेलस्केल म्हणेन, पोर्ट उघडा ठेवायची भानगडच नाही. पोर्ट उघडलाच तर व्हाइटलिस्ट, म्हणजे फक्त यादीतल्यांनाच आत घेणारी सेटिंग, चालू कर, विसरू नको.

प्रश्न: मुलाला असाच सर्व्हर हवाय, म्हणतो दिवसरात्र चालू ठेवायचा. लाइटबिल किती वाढेल?
– एक पालक, रत्नागिरी

उत्तर: हिशोब सोपा आहे. मिनी पीसी सरासरी १५ वॅट खात असेल तर महिन्याला १०.८ युनिट. मुलाच्या ग्राफिक्स कार्डवाल्या गेमिंग पीसीवरच सर्व्हर ठेवला आणि तो ७० वॅट खात राहिला, तर ५० युनिट. फरक तिथे आहे. तुमचा महिन्याचा वापर आधीच शंभर युनिटच्या आसपास असेल तर जास्तीचे युनिट १०१ ते ३०० च्या महाग स्लॅबमध्ये जातील हे धरा. आणि खरं सांगू, सकाळी सगळे शाळेत असताना सर्व्हर कोणासाठी चालू ठेवायचा? ठरल्या वेळी बंद-चालू करता येतो, मुलाला सांगा, त्याला येत असेल.

प्रश्न: स्क्रीन फुटलेला लॅपटॉप पडून आहे, आय५, ८ जीबी. चालेल?
– एक वाचक, धुळे

उत्तर: पळेल! काही विकत घ्यायच्या आधी हाच लावून बघ. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतो, फक्त राउटरलाही बारका यूपीएस लाव, नाहीतर सर्व्हर जिवंत आणि नेट गेलेलं. झाकण मिटल्यावर झोपू नये ही सेटिंग बदल, वायफायऐवजी केबल जोड. बॅटरी मात्र उलटी करून बघ, फुगलेली असली तर काढून टाक आणि थेट चार्जरवर चालव.