तबकडीबाहेरची धूळ : आंतरतारकीय की आंतरदीर्घिकीय?

दादरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सर्पिल दीर्घिकांवरचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड चक्राकार समूहांवरचा फलक लावायचाय. दीर्घिकेच्या तबकडीच्या, म्हणजे ताऱ्यांनी भरलेल्या चपट्या भागाच्या बाहेर जी धूळ सापडते तिला ‘आंतरतारकीय धूळ’ म्हणावं का? सहकारी म्हणतात, तबकडी संपली की तारे संपले, तेव्हा ‘आंतरदीर्घिकीय’ लिहा.

ताई, सहकाऱ्यांचं ऐकू नका. तबकडी संपली तरी तारे संपत नाहीत. तिच्या चहूबाजूंनी प्रभामंडल असतं आणि त्यात जुने तारे, गोलाकार तारकागुच्छ विरळ का होईना पण असतात. ‘आंतर’ म्हणजे दोघांच्या किंवा अनेकांच्या मधलं. मुंबईतल्या शाळांच्या हॅरिस शील्ड क्रिकेट स्पर्धेला आपण आंतरशालेय म्हणतो, मग सामना कुठल्याही मैदानावर होवो.

आता अंतरं बघा. देवयानी तारकासमूहातली एनजीसी ८९१ ही दीर्घिका आपल्याला कडेवरून दिसते. तिच्या मध्यरेषेपासून सुमारे ६,००० प्रकाशवर्षांपर्यंत धुळीचे काळे तंतू वर आलेले दिसतात. ताऱ्यांचे स्फोट आणि ताऱ्यांच्या प्रकाशाचा दाब यांमुळे ही धूळ तबकडीतून बाहेर ढकलली जाते, असं मानतात. उलट आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका यांच्यात २५ लाख प्रकाशवर्षं आहेत. ‘आंतरदीर्घिकीय’ हा शब्द त्या पोकळीसाठी राखून ठेवावा.

सहकाऱ्यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र आहे. २०१० साली सुमारे ८५,००० क्वेसारांचा, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांचा प्रकाश तपासला गेला. वाटेतल्या दीर्घिकांच्या आसपासून येताना तो किंचित लालसर झालेला आढळला, कारण धूळ निळा प्रकाश जास्त अडवते. त्यावरून काढलेला अंदाज असा, की तबकड्यांमध्ये जेवढी धूळ आहे, साधारण तेवढीच त्यांच्या बाहेरही आहे आणि ती लाखो प्रकाशवर्षं दूरवर पसरली आहे. इतक्या लांबच्या धुळीला ‘आंतरतारकीय’ म्हणणं ताणल्यासारखं होतं. तिथे ‘परिदीर्घिकीय’ (दीर्घिकेच्या भोवतालची) शोभतं, पण सातवीच्या मुलाला ते म्हणायला लावू नका. फलकावर सरळ ‘तबकडीबाहेरची धूळ’ लिहा, कुणाचंच काही अडत नाही.

‘धूळ’ शब्दाबद्दल मात्र मुलांना दोन वाक्यं सांगा. मुंबईत खिडकीच्या गजांवर बसते तशी ती नव्हे. हवेच्या बातम्यांमध्ये ‘पीएम २.५’ म्हणतात ना, ते कण अडीच मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ही त्याहून कितीतरी बारीक, मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. खरं तर काजळीच्या जवळची. काही कण कार्बनचे, काही वाळूसारख्या सिलिकेटचे. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं हैदराबादहून बलूनला बांधून सोडलेली १०० सेंटिमीटरची दुर्बीण अशाच धुळीतून येणारे दूर-अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) किरण टिपायची. तीही फलकावर येऊ द्या.

आणि ‘धूलिकण’ लिहिलंत तर लि ऱ्हस्व. ‘अंतरतारकीय’ नको, ‘आंतर’ला काना हवाच.