मुलगा नाही, मग घर कुणाचं? चोवीस काड्यांचा हिशेब

"ताई, आम्हाला दोन्ही मुलीच. मी गेलो की घर भावाचं होणार म्हणतात. खरं का?"

सल्ला घ्यायला आलेल्या सलीमभाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. (नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही.) एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, वय 66. सोबत शहनाजभाभी. भाभींच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात 500 च्या स्टॅम्पवर टाइप केलेलं मृत्युपत्र. सगळं घर बायकोला आणि दोन मुलींना, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं हिंदू शेजाऱ्याच्या मृत्युपत्रात नावं बदलून ते करून दिलं होतं.

हा कागद उपयोगाचा नाही, हे सांगणं माझ्या वाट्याला वारंवार येतं. सलीमभाई सुन्नी मुस्लिम, हनफी परंपरेचे. त्यांच्या कायद्यात कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज फेडून जे उरेल, त्यातल्या फार तर एक-तृतीयांशाची वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, करता येते. तीही वारस नसलेल्या माणसाला. वारसालाच वसीयतीनं काही द्यायचं, तर बाकीच्या वारसांची संमती लागते आणि ती मृत्यूनंतर. बायको आणि मुली तर वारसच. म्हणजे ज्या भावाच्या भीतीनं कागद केला, त्याच्याच होकारावर तो कागद टिकणार.

भाभींनी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली.

आता घर खरोखर भावाचं होणार का? मी टेबलावर काड्यापेटी ओतली आणि चोवीस काड्या मोजून घेतल्या. मुलंबाळं असलेल्या विधवेला आठवा हिस्सा, म्हणजे तीन काड्या. एकच मुलगी असती तर निम्मं, दोन किंवा जास्त मुली असतील तर मिळून दोन-तृतीयांश, म्हणजे सोळा. एकीला आठ, दुसरीला आठ. टेबलावर पाच उरल्या. सलीमभाईंचे आई-वडील हयात नाहीत, त्यामुळे त्या पाच भावाकडे जातील.

"पाचच?" सलीमभाई म्हणाले. त्यांना वाटत होतं चोवीसच्या चोवीस जाणार.

"भाऊ एकटाच आहे का?"

"एकटाच. आणि एक आपा आहे, पण तिचं काय, तिचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली."

दोन मुलींच्या हक्कासाठी रात्र-रात्र न झोपणारा बाप सहज बोलून गेला. मी पाचातल्या काड्या मोडल्या. सख्खे भाऊ-बहीण एकत्र वारस असले की दोनास एक. घराची किंमत ते 36 लाख धरत होते. त्या हिशेबानं भाभींना साडेचार लाख, मुलींना बारा-बारा, भावाला पाच आणि आपांना अडीच.

"आपाचं मी कधी धरलंच नाही," ते म्हणाले. मग गप्प झाले. मीही तेव्हा ताणलं नाही.

पुढच्या वेळी ते मोहल्ल्यातल्या मुफ्तीसाहेबांना (इस्लामी कायद्याचे जाणकार) भेटून आले, आणि चेहरा बदललेला होता. मुफ्तीसाहेबांनी त्यांना उहुदच्या लढाईनंतरची गोष्ट सांगितली होती. सन 625. साद इब्न अल-रबी त्या लढाईत शहीद झाले. मागे बायको आणि दोन मुली. सगळी मालमत्ता मुलींच्या चुलत्यानं ताब्यात घेतली. बायको तक्रार घेऊन पैगंबरांकडे गेली, त्यानंतर कुराणातली वारशाची आयत (वचन) उतरली आणि चुलत्याला निरोप गेला: मुलींना दोन-तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, उरेल ते तुझं.

"ताई, हे तर माझंच घर झालं," सलीमभाई म्हणाले. "मी समजत होतो हा कायदा भावासाठी आहे."

हिस्से कळले तरी अडचण संपत नाही. काड्या मोडता येतात, स्वयंपाकघर मोडता येत नाही. रोख रकमेत पाच-चोविसांश सहज निघतो. एका घरात तो निघायचा म्हणजे एक तर भाभींनी आणि मुलींनी भावाला आणि आपांना पैसे द्यायचे, नाही तर घर विकायचं. भाभींची भीती तिथं होती, आणि दोन भेटींत त्यांना ती कुणी विचारलीच नव्हती. मी विचारल्यावर म्हणाल्या, "मला खालचा मजला पाहिजे. वर भाडेकरू आहेत ते असू देत. पण माझ्या चुलीवरून मला कुणी उठवू नये. जावयानंही."

इथं हिबा कामाला येतो. हयातीत दिलेली भेट. तिला एक-तृतीयांशाची मर्यादा नाही, ती वारसालाही देता येते. अटी तीन: देणाऱ्यानं दिलं म्हणावं, घेणाऱ्यानं घेतलं म्हणावं, आणि ताबा खरोखर द्यावा. नुसता कागद करून 'मी मेल्यावर तुझं' म्हटलं की ती वसीयत झाली, पुन्हा आपण पहिल्या टेबलावर. नवरा-बायको एकाच घरात राहत असतील तर नवऱ्यानं घर सोडून जायची गरज नसते, पण घरपट्टी आणि लाइट बिल तिच्या नावावर करून घ्या, असं मी सांगते. तोंडी हिबाही कायद्यानं वैध आहे. तरी मी नोंदणीचाच आग्रह धरते. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार असेल तर तो वेगळा.

आणि हे तब्येत धड असताना करायचं. शेवटच्या आजारपणात, मृत्यू समोर दिसत असताना केलेल्या हिबाला वसीयतीचेच नियम लागतात. सलीमभाईंना वर्षापूर्वी स्टेंट बसला होता, आता ते पुन्हा सायकलवरून दूध आणायला जात होते. तरी वकिलांनी डॉक्टरांचा दाखला जोडायला लावला.

अख्खं घर भाभींच्या नावे करावं, असा सलीमभाईंचा विचार होता. त्यांना थांबवावं लागलं. भाभी त्यांच्यानंतर गेल्या, तर दोन-तृतीयांश मुलींना आणि उरलेलं भाभींच्या दोन भावांना. एक चुलता टाळायचा आणि दोन मामा आणायचे!

2023 मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यातल्या एका वकिलानं आणि त्याच्या पत्नीनं तीन मुलींसाठी महिला दिनी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं, त्याची बातमी मोठी झाली होती. त्या वाटेनं गेलं तर 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, पत्नीला एक-तृतीयांश, बाकी मुलांना, भावाला काही नाही. हा पर्यायही मी सांगते, निवड त्यांची. सलीमभाई म्हणाले, "मला हिस्से चुकवायचे नाहीत. हिला घर असावं एवढंच." भाभी मात्र हसल्या. "आणि या वयात परत लग्न? गल्लीत तोंड दाखवू का नको?"

(फ्लॅटवाल्यांसाठी एक: सोसायटीत नॉमिनीचं नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद आहे, मालक नाही.)

शेवटी ठरलं ते असं. खालच्या मजल्याचा हिबा भाभींना, नोंदणीकृत. त्या पुढं मुलींना हयातीत देतील की नाही, ते त्या ठरवतील. वरचा मजला आणि बँकेतली ठेव वारशासाठी तशीच, ज्याचे त्याला हिस्से. भाऊ चिडेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "मला आधी सांगितलं हे बरं केलं."

नोंदणीच्या आधल्या आठवड्यात सलीमभाई एकटे आले. 2009 मध्ये वडिलांचं गावाकडचं घर दोघा भावांनी पाच लाखांना विकलं होतं, अडीच-अडीच लाख घेतले होते. आई आधीच गेलेली. आपांनी 'मी माफ केलं' म्हणून सही दिली होती.

"तिचं किती होत होतं?"

मी पुन्हा काड्या काढल्या नाहीत. दोन, दोन आणि एक. पाचवा हिस्सा, एक लाख. निम्मं सलीमभाईंकडून, निम्मं धाकट्याकडून. धाकट्यानं सहीकडे बोट दाखवलं. सलीमभाई मात्र पन्नास हजार घेऊन सोलापूरला गेले.

परत आल्यावर मी विचारलं, घेतले का आपांनी? मला वाटत होतं, नको म्हणाल्या असतील.

"घेतले," ते म्हणाले. "चष्मा लावून मोजले. दोनदा. मग म्हणाली, हे तेव्हा मिळाले असते तर रुखसानाच्या लग्नाला सोनं गहाण ठेवलं नसतं. आणि चहा टाकायला आत गेली."