दार्जिलिंगला ब्रिटिशकालीन चहामळ्यात राहून जुनं मळ्यावरचं आयुष्य अनुभवायचं असेल तर कुठे आणि कधी जावं?

ग्लेनबर्नला जा, मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. एका स्कॉटिश कंपनीने 1859 मध्ये सुरू केलेला हा मळा आहे. तिथला व्यवस्थापकाचा जुना 'बडा बंगला' आता पाहुण्यांना राहायला देतात. व्हरांडा, शेकोटी, सकाळी खोलीत येणारा चहा, सगळा थाट जुनाच. मात्र भाडं चांगलंच जड आहे.

मार्च-एप्रिल अशासाठी, की तेव्हा हंगामातली पहिली तोड चालू असते. डिसेंबर ते फेब्रुवारी झुडपं विश्रांतीवर असतात, छाटणी होते, कारखाना थंड. तेव्हा गेलात तर नुसते डोंगर बघून याल. कारखाना मात्र सकाळी लवकरच बघा. आदल्या दिवशी तोडलेली पानं रात्रभर हवेवर सुकवतात आणि पहाटे-सकाळी मळायला घेतात. खरा वास तेव्हाच सुटतो. दुपारी बऱ्याचदा रिकामी यंत्रंच दिसतात. रविवारी तोडणीला सहसा सुट्टी असते, तो दिवस टाळा.

एक मात्र लक्षात घ्या: बंगल्यात मिळतं ते साहेबाचं आयुष्य. मळा उभा राहिला तो नेपाळमधून आलेल्या मजुरांच्या कष्टावर, आणि आजही पाठीवर टोपली घेऊन दोन पानं अन् एक कळी खुडतात त्या बहुतेक बायकाच. ती बाजू बघायची असेल तर कुर्सिओंग गावाजवळच्या मकाईबारी मळ्यात कामगारांच्या घरी एक रात्र राहा, स्वस्तही पडेल. वेळच नसेल तर दार्जिलिंग गावालगतचा 1854 चा हॅपी व्हॅली मळा पायी जाऊनही बघता येतो.