आधी रजिस्टर बंद कर

चि. पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. हॉस्पिटलातले डॉक्टर खूश, सिस्टर मात्र तू नोंदींसाठी दिलेले टॅब कपाटात ठेवतात. आणि तिकडे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल मोजायचं यंत्र कामगारांनी लगेच आपलंसं केलं. "शिकलेल्या सिस्टर मागे आणि सातवी पास विणकर पुढे, असं कसं काका?"

यात शिक्षण कुठून आलं? सोलापूरच्या पूर्व भागातली कितीतरी घरं हातमाग सोडून पॉवरलूमवर आली, कुणी ट्रेनिंगचे वर्ग घेतले नव्हते. विणकराला मजुरी मालावर. आकडा समोर दिसला की मुकादमाशी हुज्जत संपली, आणि त्याची वही त्याच दिवशी मिटली. सिस्टरची मिटली का? तूच लिहितेस, "सध्या टॅब आणि रजिस्टर, दोन्हीकडे भरायला सांगितलंय." मग पुढचं तीन पानी गाऱ्हाणं कशाला?

नवं द्यायचं तर जुनं काढून घ्यायचं. एवढंच.

तू कॉलेजात शिकली असशील, लोक नवं तंत्र का स्वीकारतात यावर 1989 साली फ्रेड डेव्हिस या संशोधकाने दोन प्रश्न मांडले: उपयोगाचं वाटतं का, वापरायला सोपं वाटतं का. दहा वर्षांनी हाँगकाँगच्या डॉक्टरांवर टेलिमेडिसिनबाबत, म्हणजे दुरून उपचारांबाबत, हेच तपासलं, तर उपयोग महत्त्वाचा ठरला, सोपेपणाचा फारसा परिणाम दिसला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. तुझे डॉक्टर टॅबवर रिपोर्ट बघतात. त्यात आकडे भरतं कोण?

अंगणवाडी सेविकांनी 2021 मध्ये राज्यभर सरकारी फोन परत केले, तेव्हाही 'बायकांना जमत नाही' म्हणणारे होतेच. फोन अडकत होते, ॲप इंग्रजीत होतं. त्याच बायका घरच्या फोनवर व्हॉट्सॲप झकास चालवत होत्या.

आता माझं ऐक. 1983 साली बँकांमध्ये यंत्रीकरणाचा करार झाला. पुढे आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचं, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करायचं, मशीन आलं. मशीन नको म्हणून आम्ही घसा कोरडा केला, पण जुनं लेजर कधी मिटणार हे कुणी विचारलं नाही, ही खंत मला आजही आहे. ताळा जुळेपर्यंत दोन्ही लिहिणं रास्तच होतं. पण ताळा रोज जुळायला लागला तरी लेजर चालूच! शेवटी मी लेजर लिहायचं थांबवलं. मेमो आला, त्या वर्षीची बढती हुकली, आणि तुझी काकू अजून ते काढते. काढू दे. मशीनला विरोध करणारा म्हणून माझं नाव झालं, खरं तर शाखेत मशीनवर सगळ्यांत जास्त विश्वास माझाच होता. बाकीच्यांचा असता तर त्यांनी लेजर सोडलं नसतं?

असो. तू हुशार आहेस, पण 'लोक बदलायला तयार नाहीत' हे वाक्य परत लिहू नकोस, मला राग येतो.

सोमवारी मेट्रनबाईंना भेट. कुठली रजिस्टरं कुठल्या तारखेपासून बंद, ते व्यवस्थापनाकडून लेखी घे. नवं द्यायचं तर जुनं काढून घ्यायचं, हे साहेबांना तोंडावर सांग. लेखी मिळेपर्यंत पुढचं ट्रेनिंग ठेवू नकोस. साहेब चिडतील, चिडू देत.

आणि वॉर्डात जाशील तेव्हा ड्यूटी बदलायच्या वेळेला जाऊ नकोस.

तुझा काका
सोलापूर